वटवाघळांची घरची नावं

वटवाघळांना नावं ठेवणारे पुष्कळ. कुणी म्हणतं अवदसा, कुणी म्हणतं केसांत अडकतात, कुणी म्हणतं रक्त पितात. पण बसून, विचार करून, एकेकाला चांगलं नाव ठेवणारा माणूस त्या गावात एकच निघाला. तो म्हणजे डोंगरातल्या गुहेचा पहारेकरी. तोही विचार करून वगैरे काही बसला नव्हता. घाबरून बोलून गेला होता.

पोरंटोरं त्याला वाघूळकाका म्हणायची आणि आता मोठी माणसंही तेच म्हणत. काकांचं काम म्हणजे दोनशे बारा पायऱ्या चढून सकाळी लोखंडी फाटकाचं कुलूप काढायचं, आलेल्यांना आठ-आठच्या टोळीने आत न्यायचं, लाल कागद गुंडाळलेला दिवा छताकडे धरायचा आणि हळू आवाजात कोण कोण लटकलंय ते सांगायचं. पांढरा उजेड आत चालत नाही. मोठा आवाज तर नाहीच. एकोणतीस वर्षं हळू बोलून बोलून काकांचा आवाजच तसा झाला होता. भांडतानाही ते कुजबुजत, त्यामुळे त्यांच्याशी भांडायला कुणाला मजा येत नसे.

निवृत्तीला एकोणीस दिवस उरले असताना नव्या मॅडमनी त्यांना ऑफिसात बोलावलं. ऑफिस म्हणजे तिकीटखिडकीच्या मागची खोली. एक टेबल, दोन खुर्च्या, खुंट्यांवर सहा हेल्मेटं आणि कोपऱ्यात एक स्टूल, ज्यावर कुणी बसलं की ते एका बाजूला कलायचं. मॅडम तीन महिन्यांपूर्वी आल्या होत्या. वयाने काकांच्या मुलाएवढ्या, पण नियमाला पक्क्या.

"काका, फाटकापाशी बोर्ड लावायचाय," मॅडम म्हणाल्या. "आपल्या गुहेतल्या पाच जाती. चित्र, खाली शास्त्रीय नाव, त्याखाली सामान्य नाव. शास्त्रीय माझ्याकडे आहेत. सामान्य नावं जुन्या रजिस्टरात सापडली. एकदा ऐका." आणि त्यांनी रजिस्टर समोर ओढून वाचायला सुरुवात केली. "टॅफोझस मेलॅनोपोगॉन, मास्तर. रुसेटस लेशेनॉल्टाय, मामा. हिपोसिडेरॉस स्पीओरिस, आत्याबाई. मेगाडर्मा लायरा, शेजारीण. हिपोसिडेरॉस एटर, तिळी."

"शेजारणीचं काहीतरी बदललं ना मध्ये?" खिडकीवाल्याने पाठ न वळवता तिकडूनच विचारलं.

"हो, पहिलं नाव बदललंय. आता लायरोडर्मा लायरा म्हणायचं."

"आडनाव बदललं म्हणजे लग्न झालं असणार," खिडकीवाला म्हणाला. शास्त्रीय नावात आडनाव आधी आणि नाव नंतर, सरकारी फॉर्मात असतं तसं, हे त्याला काकांनीच शिकवलं होतं.

मॅडम हसल्या, पण बोट रजिस्टरावरून हललं नाही. "काका, पाचही नावांपुढे 'माहिती देणारा' या रकान्यात एकच शब्द आहे, पहारेकरी. म्हणजे तुम्ही. अडचण अशी की, सामान्य नाव म्हणजे चारचौघं म्हणतात ते. एकटा माणूस म्हणतो ते सामान्य नाव नव्हे. वरून पत्र आलंय, ऑफिसबाहेरच्या दोन माणसांनी नाव ओळखलं पाहिजे. नाहीतर पुस्तकातलं टाकायचं."

"पुस्तकात काय आहे?"

मॅडमनी पान उलटलं. "तिळीला काळपट पाननाक."

काका स्टुलावर बसले होते. ते कलंडता कलंडता राहिले. चार नावं गेली असती तर त्यांनी हूं की चूं केलं नसतं. पाचवं जाणार म्हटल्यावर त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली.

त्याचं असं झालं होतं. एकोणतीस वर्षांपूर्वी काका नोकरीत नवे होते, महिनाही झाला नव्हता. एक म्हाताऱ्या संशोधक बाई आल्या. डोक्यावर टोपी, गळ्यात दुर्बीण, हातात हे रजिस्टर. त्यांनी पाच दिवस गुहेत काढले आणि सहाव्या दिवशी काकांना समोर बसवून म्हणाल्या, "यांची कागदावरची नावं मी लिहिली. आता तुम्ही घरची सांगा."

बाईंना विचारायचं होतं ते सरळ होतं. माणसाचं कागदावर एक नाव असतं आणि घरी दुसरं, तसं इथली माणसं या वटवाघळांना रोजच्या बोलण्यात काय म्हणतात? खरं उत्तर एका शब्दाचं होतं. सगळ्यांना वटवाघूळच म्हणत. पाच जाती आहेत हेच कुणाला ठाऊक नव्हतं. पण नवी नोकरी, समोर एवढी विद्वान बाई, आणि आपल्याला काहीच माहीत नाही असं कसं सांगायचं? काकांनी 'घरची नावं' एवढंच धरलं आणि आपल्या घरातली माणसं एकेक करून गुहेच्या छताला टांगली.

काळी दाढी असलेल्याला ते मास्तर म्हणाले, कारण काकांचे वडील मास्तर होते आणि त्यांना अगदी तशीच दाढी होती. दुसऱ्यांची फळं खाऊन डोळे मोठे करून बघणारा तो मामा. नाकावर पानासारखी घडी असलेली आत्याबाई, कारण काकांच्या आत्याने उभ्या आयुष्यात कशालाही नाक मुरडल्याशिवाय हात लावला नाही. हे एवढाले कान असलेली शेजारीण, आणि त्याचं कारण कुणाला सांगायला नको. बाई लिहीत गेल्या. मग त्यांनी सगळ्यांत लहान वटवाघळाचं चित्र पुढे सरकवलं. अंगठ्याएवढं अंग, अंगाभोवती पंख लपेटून घेतलेले. काकांनी तोंड उघडलं आणि नाव आपोआप बाहेर पडलं. तिळी.

तिळी हे काकांच्या मुलीचं नाव होतं. म्हणजे झाली असती तर. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी काकूंना दिवस गेले, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, अजून तिळाएवढंच आहे, जपा. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना काकू पोटावर हात ठेवून म्हणाल्या, मग तिळीच म्हणू या. पाच महिने त्या घरात तिळीशिवाय दुसरा विषय नव्हता. तिळीला भूक लागली, तिळी झोपली, तिळी आज रागावली. मग एका दुपारी काकूंना घाईघाईने दवाखान्यात न्यावं लागलं आणि संध्याकाळी दोघंच परत आली. काकूंनी शिवलेली दोन झबली ट्रंकेच्या तळाशी गेली. तो नाव काढत नाही म्हणून तिने काढलं नाही, ती काढत नाही म्हणून त्याने काढलं नाही. टोपीवाल्या बाई आल्या त्या यानंतर दोन महिन्यांनी.

बोलून गेल्यावर काकांनी जीभ चावली, पण बाईंची शाई वाळलीसुद्धा होती. पुढे दोन वर्षांनी मुलगा झाला, तो आता दूरच्या शहरात लिफ्ट दुरुस्त करतो. सगळं चांगलं झालं. पण नाव गुहेत राहिलं. रोज छताकडे दिवा धरून काका म्हणायचे, "आणि ती कोपऱ्यात, एकटी, ती आमची सगळ्यांत धाकटी, तिळी." दिवसातून दहा वेळा म्हणायचे. कुणाला कळत नव्हतं, आणि त्यांना बरं वाटत होतं. घरी मात्र ते गुहेबद्दल चकार शब्द काढत नसत. ज्याला बघून लोक अंग चोरतात अशा प्राण्याला आपल्या लेकीचं नाव दिलं, हे काकूंना कळलं तर त्या काय म्हणतील? काकूही गुहेची पायरी कधी चढल्या नव्हत्या. गुडघे आणि तो वास, दोन्ही सोसत नाही म्हणायच्या. काकांना ते सोयीचंच होतं.

"मॅडम, खरं सांगू का," काका कुजबुजले. "ही नावं कुणी म्हणत नव्हतं. मीच ठेवली. मास्तर म्हणजे माझे वडील. आत्याबाई म्हणजे आत्या." सांगता सांगता त्यांचे कान लाल झाले. "मामा म्हणजे मामा. शेजारीणसुद्धा खरीच आहे. अजून आहे."

खिडकीवाला तिकिटं फाडायचा थांबला. मॅडमनी ओठ घट्ट दाबून हसू आवरलं. "आणि तिळी?"

"असंच," काका म्हणाले.

मॅडमनी रजिस्टर मिटलं. "काका, शास्त्रीय नावंही कुणीतरी बसून ठेवलेलीच असतात, आकाशातून पडत नाहीत. कुणी ठेवलं याला महत्त्व नाही. लोक म्हणतात का, एवढंच बघायचं. उद्या मी चित्रं घेऊन गावात जाते. तुम्ही सोबत या, मला गल्ल्या ठाऊक नाहीत. पण एक अट. तोंड उघडायचं नाही. खुणा नाहीत, खोकणं नाही."

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मॅडमच्या हातात पाच चित्रं आणि एक फॉर्म, आणि दोन पावलं मागे काका, तोंड मिटून. रात्रभर त्यांनी हिशेब केला होता की गुहेतली गोष्ट गुहेतच राहते. माणसं येतात, वर बघतात, शहारतात, खाली जाऊन भजी नाहीतर वडे नाहीतर काहीतरी खातात आणि विसरतात. नाव कोण लक्षात ठेवतो? काळपट पाननाक. त्यांनी ते मनात दोन-तीनदा म्हणून पाहिलं आणि त्यांना रडूच यायला लागलं.

मॅडमनी पहिलं दुकान निवडलं ते न्हाव्याचं. न्हावी एका गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावत होता. त्याने ब्रश तसाच हातात धरून चित्रं बघितली. "हा मास्तर. ही शेजारीण, काय कान आहेत बघा. ही आत्याबाई. हा... हा मामा. शाळेत असताना बघितलंय सगळं. आणि ही तर तिळी."

"नक्की?"

"नक्की म्हणजे? आमची आई अजून ओरडते ना नातवंडांना, तिळ्या सुटल्या, आता घरी या म्हणून. संध्याकाळी त्या बाहेर पडायला लागल्या की खेळ बंद. सगळ्या गल्लीत हेच चालतं." साबणाच्या फेसातून गिऱ्हाईकही म्हणालं, "आमच्याकडे पण."

मॅडमनी फॉर्मवर पाच खुणा केल्या. काका दाराशी उभे होते. त्यांना आनंद झाला, आणि लगेच त्या आनंदात माशी शिंकली. न्हाव्याची आई काकांच्याच गल्लीच्या तोंडाशी राहायची. तिचा आवाज असा की तिने हाक मारली की दोन गल्ल्या ओलांडून पोरं यायची. ती रोज संध्याकाळी 'तिळ्या सुटल्या' म्हणून ओरडत असेल, तर ते घरात बसलेल्या बाईला ऐकू येत नसेल? काका त्या वेळी फाटकाला कुलूप लावून पायऱ्या उतरत असत. ते घरी पोचेपर्यंत गल्ली शांत झालेली असायची.

ते या विचारात असतानाच मॅडम डावीकडे वळल्या. काकांच्या गल्लीत. काकांनी हात वर केला, मग अट आठवली आणि हात खाली घेतला. तिसऱ्या दारात, उजेडासाठी उंबऱ्यावर सरकून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून एक बाई शर्टांना काज-बटणं करत बसली होती. बाजूला शर्टांची चळत, मांडीवर बटणांची डबी. मॅडमना ती दिसली आणि त्या सरळ तिच्याकडे गेल्या. त्या तीन महिन्यांत त्यांनी काकूंना पाहिलं नव्हतं, आणि तोंड उघडायला त्यांनीच काकांना बंदी केली होती.

"ताई, दोन मिनिटं आहेत का? ही चित्रं बघायची आणि ओळखू आली तर नाव सांगायचं."

काकूंनी आधी मॅडमकडे बघितलं, मग त्यांच्या मागे उभ्या असलेल्या नवऱ्याकडे. नवरा खांबासारखा उभा होता. काकूंनी सुई शर्टात खोचली, चित्रं घेतली आणि मांडीवर एकेक ठेवत गेल्या. "हा मास्तर. आमच्या सासऱ्यांसारखाच दिसतो, हुबेहूब. ही आत्याबाई. मामा. ही शेजारीण," इथे त्यांनी आवाज खाली आणला, कारण भिंतीपलीकडे शेजारीण होतीच. शेवटचं चित्र त्यांनी बराच वेळ हातात धरलं. अंगठ्याने त्यावरचा दोऱ्याचा तुकडा झटकला. गल्लीत कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"ही तिळी," काकू म्हणाल्या.

"छान." मॅडमनी खूण केली. "हे नाव कुठून आलं काही ठाऊक आहे? रकाना आहे, म्हणून विचारते."

"मी ठेवलं."

मॅडमचं पेन थांबलं.

"मी यांची बायको," काकू म्हणाल्या. "चालत नसेल तर खोडा. पण नाव माझं आहे. तिळाएवढी होती, म्हणून तिळी."

"होती?"

काकूंनी चित्र इतर चित्रांवर ठेवलं आणि सगळी नीट जुळवून मॅडमच्या हातात दिली. "आहे, असं लिहा."

मॅडमनी वळून काकांकडे पाहिलं. काका चष्मा पुसत होते, आणि काका चष्मा लावत नसत. तो काकूंचा दुसरा, उंबऱ्यावर पडलेला चष्मा होता. मॅडमनी आणखी काही विचारलं नाही. "नियमात फक्त कर्मचारी चालत नाही असं आहे," त्या म्हणाल्या. "बायको चालत नाही असं कुठे लिहिलेलं नाही." त्यांनी खूण केली, पेनला टोपण लावलं आणि पुढच्या गल्लीत जायचंय असं सांगून त्या निघाल्या. पुढच्या गल्लीत त्यांना काहीही काम नव्हतं.

काका उंबऱ्यावर बसले. बटणांची डबी मध्ये होती.

"तुला केव्हा कळलं?" त्यांनी विचारलं.

"पोरगा दुसरीत होता. शाळेची सहल तुमच्या गुहेत आली होती, आठवतं? घरी येऊन चित्र काढलं. काळा ठिपका, त्याला दोन कान. खाली नाव लिहिलं, वेलांटी चुकवून. मी म्हटलं, हे काय रे? तर म्हणतो, बाबांनी दाखवली, सगळ्यांत धाकटी." काकूंनी सुई पुन्हा हातात घेतली, पण दोरा ओवला नाही. "वीस वर्षं झाली."

"बोलली नाहीस."

"तुम्ही तरी कुठे बोललात? मी म्हटलं, सांगतील आपणहून. मग वाट बघायची सवय झाली."

"राग नाही आला? वटवाघळाला..."

"पहिल्या दिवशी आला," काकू म्हणाल्या. "असा आला की तुमचं ताट आपटलं होतं. तुम्ही म्हणालात, गुडघे दुखतात वाटतं. मग संध्याकाळी न्हाव्याची आई ओरडली, तिळ्या सुटल्या. गल्लीतली सगळी पोरं वर बघायला लागली, आणि मीही बघितलं. इतकी वर्षं तिचं नाव मी मनातसुद्धा घेत नव्हते हो. आणि इथे अख्खी गल्ली हाक मारतेय." त्यांनी डोळे शर्टाच्या बाहीला पुसले, मग तो शर्ट गिऱ्हाइकाचा आहे हे लक्षात येऊन ती बाही झटकली. "तेव्हापासून रोज संध्याकाळी दारात बसते. उजेड कधीच संपलेला असतो. तुम्हाला काय वाटलं, मी अंधारात काज-बटणं करते?"

काकांनी तिचा हात धरला. भर गल्लीत, दिवसाढवळ्या. शेजारणीने खिडकी उघडली, बघितलं आणि कधी नव्हे ती हळूच लावून घेतली.

"फक्त एक चुकतं तुमचं," काकू म्हणाल्या. "तेव्हा पोरालाही सांगितलं होतं मी, पण त्याला कळलं नाही. धाकटी काय म्हणता हो तिला?"

नोकरीच्या शेवटच्या दिवशी दुपारच्या टोळीत सात माणसं होती आणि आठव्या काकू. दोनशे बारा पायऱ्या त्या पाच ठिकाणी बसून चढल्या, वासाला त्यांनी नाक मुरडलं, तेव्हा खिडकीवाला म्हणाला, आत्याबाई आल्या. फाटकापाशी नवा बोर्ड लागला होता. पाचवं चित्र, त्याखाली तिरक्या अक्षरांत हिपोसिडेरॉस एटर आणि त्याखाली ठसठशीत, वेलांट्या बरोबर असलेलं घरचं नाव. काकूंनी ते वाचलं आणि पदराने त्यावरची धूळ पुसली. बोर्ड आदल्याच दिवशी लागला होता, त्यावर धूळ नव्हती.

आत गेल्यावर काकांनी लाल दिवा छताकडे धरला. मास्तर झाले, मामा झाला, आत्याबाई, शेजारीण सगळ्यांची ओळख झाली. मग दिवा कोपऱ्याकडे वळला. तिथे, जराशी बाजूला, पंख लपेटून ती लटकली होती.

"आणि ही आमची तिळी," काका म्हणाले. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदाच ते मध्ये थांबले. "घरातली थोरली."

टोळीत एक चिमुरडी होती. ती टाचा उंचावून बघत म्हणाली, "एवढीशी आणि थोरली कशी?"

अंधारात काकांच्या मागून काकू बोलल्या, त्याही कुजबुजत.

"आधी आली होती ना बाळा," काकू म्हणाल्या. "म्हणून थोरली."